चौतिसावं मिनिट

“‘हे अंतराळयान आहे की बसस्थानक, तेच शेवटपर्यंत कळत नाही.’”

मी एवढं वाचलं आणि माझी नणंद इतकी हसली, की मांडीवरच्या ताटातले सोललेले वाटाणे जमिनीवर सांडले.

“पुन्हा वाच ना वहिनी. सावकाश वाच.”

मी पुन्हा वाचलं. अंतराळयानाची ती मालिका इंटरनेटवर येऊन पंधरा दिवस झाले होते आणि आमचा संध्याकाळचा कार्यक्रम ठरून गेला होता. ती काहीतरी निवडत बसायची आणि मी त्या दिवशीची परीक्षणं वाचायची. हे सातवं होतं. सातही जण एकाच जागी अडखळले होते: शेवटच्या भागात कॅप्टन यान एकाएकी घराकडे का वळवतो? एकाने लिहिलं होतं, ‘याचं उत्तर दिग्दर्शकालाही ठाऊक नसावं.’ दुसरीने लिहिलं होतं, ‘कथेला मधोमध खड्डा पडला आहे.’ पोराचे मार्क वाचावेत तसं मी ते वाक्य वाचलं. तो खड्डा मी खणला होता.

आमचे हे अंतराळयानं बनवायचे. पुठ्ठा, शाम्पूच्या बाटल्यांची झाकणं, सायकलच्या तारा, तुटके कंगवे, हाताला लागेल ते. याच दिग्दर्शकाचा तेव्हा टीव्हीवर लहान मुलांचा कार्यक्रम असायचा. त्यासाठी अकरा वर्षं आमच्या बाहेरच्या खोलीत यानं तयार झाली. दिग्दर्शक यायचा, जेवायचा, मला वहिनी म्हणायचा. पुढे सगळं कॉम्प्युटरवर होऊ लागलं आणि काम थांबलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, काळच तसा आला. पण नंतर त्याला एक मोठं बक्षीस मिळालं. स्टेजवर उभा राहून तो म्हणाला, “ती सगळी यानं मी माझ्या घरच्या टेबलावर, माझ्या या दोन हातांनी बनवली होती.”

आम्ही तिघं टीव्हीसमोर बसलो होतो. मुंग्यांनी वारूळ बांधावं आणि नागोबाने आयतं येऊन बसावं, तसला प्रकार. हे फक्त म्हणाले, “म्हणजे टेबलसुद्धा आपलं नव्हतं म्हणायचं,” आणि हसले. त्यानंतर त्यांनी कात्रीला हात लावला नाही. दोन वर्षं खुर्चीत बसून काढली आणि गेले. डॉक्टरांनी कागदावर वेगळंच कारण लिहिलं. लिहू देत. मला खरं कारण ठाऊक आहे.

आता माझ्या नोकरीबद्दल. सिनेमे, मालिका लोकांपुढे येण्याआधी ज्या हॉलमध्ये तपासल्या जातात, तिथे मी बावीस वर्षं आहे. रस्त्यावरून गोळा केलेली छत्तीस साधी माणसं खुर्च्यांवर बसतात. प्रत्येकाच्या हाताशी एक गोल बटण असतं. आवडलं की उजवीकडे फिरवायचं, कंटाळा आला की डावीकडे. सगळ्यांची मिळून माझ्यासमोरच्या छोट्या स्क्रीनवर एक रेघ चालते, वर-खाली. मालिकेचे लोक मागे काळ्या काचेआड बसून तीच रेघ बघतात. मी पुढे, पडद्याकडे पाठ करून बसते. कोण झोपलं, कोण उठून गेलं, ते टिपायचं माझं काम. आवाज तेवढा कानावर पडतो, पण बावीस वर्षांत त्या हॉलचा पडदा मी बघितलेला नाही.

शेवटच्या भागाच्या चाचणीला दिग्दर्शक स्वतः आला. अंधारात त्याने मला ओळखलं नाही. रेघ छान वर चालली होती. एवढ्या वर्षांत मी साधा पंखासुद्धा चुकीच्या वेळी लावला नव्हता. पण त्या दिवशी एकतिसाव्या मिनिटाला माझा हात एसीच्या बटणावर गेला.

तीन मिनिटं काही झालं नाही. चौतिसाव्या मिनिटाला एकाने कॉलर सैल केली, एकीने पदराने वारा घेतला, मागच्या रांगेतल्या गृहस्थांनी बूट काढले. संवाद नव्हते, नुसतं हळू संगीत चाललं होतं. मला वाटलं, यान उडत असेल. रेघ धाडकन खाली आली. अडतिसाव्या मिनिटाला मी एसी पुन्हा लावला. चौतीस ते अडतीस, ही चार मिनिटं रेघ बघून मालिकेच्या लोकांनी कापून टाकली. एसीचं मी फक्त नणंदेला सांगितलं होतं.

महिन्याभराने आकडे आले. पहिला भाग बघणाऱ्यांपैकी शेवटपर्यंत तिसरा हिस्साही पोचला नव्हता, आणि जे पोचले त्यांनी चिडून एकेक तारा दिला होता. दुसरा सीझन रद्द झाला.

“झालं मनासारखं?” नणंदेने विचारलं.

“नाही. कोणी केलं ते त्याला कळायला नको?”

“वहिनी, नोकरी जाईल तुझी.”

“जाऊ दे. रिटायर व्हायला आठ महिने तर राहिलेत.”

त्याच्या ऑफिसात खोकी भरणं चाललं होतं. तो भिंतीवरून पोस्टर उतरवत होता. मला बघून थबकला. “वहिनी? बसा ना.”

मी बसले नाही. चार दिवस घोकलेलं वाक्य म्हणून टाकलं. “शेवटच्या भागाच्या चाचणीला हॉलमध्ये मी होते. एकतिसाव्या मिनिटाला मी एसी बंद केला. तुमची रेघ लोकांनी नाही पाडली, मी पाडली.”

तो चिडला नाही. पोस्टर टेबलावर ठेवून खुर्चीत बसला.

“तुम्ही पडदा बघत नव्हता?”

“आमचं काम माणसांची तोंडं बघायचं.”

त्याने कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला आणि कापलेली चार मिनिटं लावली.

कॅप्टन एका जुन्या शेडमध्ये शिरतो. चादर ओढतो. खाली एक यान. कॉम्प्युटरवरचं नव्हे. नाकाशी निळं झाकण, डावा पंख किंचित खाली, कारण नणंद एकदा चुकून त्याच्यावर बसली होती. कॅप्टन बाहीने धूळ पुसतो. खाली पितळी पट्टी. तिच्यावर ‘यान बांधणारा’, आणि मग यांचं नाव, यांच्या वडिलांचं नाव, आडनाव. कॅप्टन ते ओठांतल्या ओठांत वाचतो, बाहेर येतो आणि आपलं यान घराकडे वळवतो.

“हे एक यान त्याने मला दिलं होतं,” दिग्दर्शक म्हणाला. “जपून ठेवलं. म्हटलं, इथे तरी त्याचं नाव...”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. “घर माहीत होतं ना? अकरा वर्षं जेवलात तिथे. माणूस दोन वर्षं खुर्चीत बसून होता, तेव्हा का नाही आलात? माफी मागायलाही तुम्हाला पडदा लागतो?”

“हिंमत झाली नाही वहिनी.”

“आणि कापायची झाली?”

“रेघ पडली होती,” तो खाली बघून म्हणाला.

ते खरंच होतं. नाव त्यानेच लिहिलं, त्यानेच कापलं. कात्री मी पुरवली.

“परत जोडता येईल?” मी विचारलं. मला माझाच आवाज आवडला नाही.

“मालिका आता कंपनीची झाली. माझ्या हातात काही नाही.”

मी ती चार मिनिटं पुन्हा लावायला सांगितली. त्याने लावली. मग मी निघाले.

नणंद दार उघडं ठेवून उभी होती. मला चप्पलही काढू दिली नाही.

“काय झालं? तोंड कसं झालं त्याचं?”

“पडलं,” मी म्हटलं.

“चांगलं पडलं?”

“चांगलं.”

तिने डोळे मिटून मोठा श्वास सोडला. “दादाला आता बरं वाटलं असेल,” म्हणाली, आणि पानं घ्यायला वळली.

त्या दिवशी ती पोटभर जेवली. मी तिला वाढत राहिले.