डोंग्याची बारी

ज्या दिवशी मले पाहाले पाहुणे येणार, नेमकी त्याच दिवशी डोंग्याची बारी आमच्या घरची. धरणाचं पाणी चढलं तवापासून रोज एका घरानं नाव वल्हवून लोकं नदीपार करायचे, अन् बारी चुकवली तं गाव वर्षभर टोमणे मारते. बाबाचा हात मुरगळलेला. आई म्हणे, समता, आज शेजारच्याइले पाठव. म्या म्हटलं, काऊन? पाहुणे काय चंद्रावरून येऊन राह्यले? तोंडाले दुपट्टा बांधला अन् वल्हं घेऊन निघाली.

पलीकडं दोघं उभे. बीबी गावचा संघपाल, म्हणजे नवरदेव, अन् त्याचा मामा इंद्रभान. डोंग्यात बसल्याबरोबर मामा चालू. ज्या घरी चाललो त्या घरची पोरगी कशी हाय, तोंडाळ तं नाही ना. म्या खरं सांगितलं, कामाची हाय, पण तोंड सुटलं का थांबत नाही. मामानं भाच्याले कोपर मारलं. आपल्याले मान खाली घालणारी पाह्यजे, म्हणे. भाच्याचं ध्यानच नाही. दोन्ही हातानं काठ आवळून डोळे गच्च मिटलेले.

मले मामाचा असा राग आला का काय सांगू. नदीच्या मधातच वल्हं थांबवलं. डोंगा जरासा पाझरतेच. जो बसला त्यानं डब्यानं पाणी उपसायचं, मंग तो सरपंच असो का मास्तर. मामासमोर डबा धरला. मामा म्हणे, आम्ही पाहुणे हाओत. म्या म्हटलं, पाण्याले कुठं ठाऊक. तरी तो हलला नाही. संघपालनं काठ सोडला, डबा घेतला अन् पाणी उपसू लागला.

"मले पोहता येत नाही, लय भेव लागून राह्यलं," तो म्हणाला. "पण मामा, पाय तं तुमचेही वले होऊन राह्यले."

दुपट्ट्यात हासू दाबता दाबता माह्या पोटात दुखलं.

घरी येऊन साडी नेसली अन् पोहे घेऊन बाहेर आली. घ्या म्हटलं, तं आवाज दोघांनीही ओळखला. मामाची मान जी खाली गेली, ती वर येईचना.

बाबांनी रीतीप्रमाणं पोराले इचारलं, पसंत हाय का.

"माह्याकडून हाव हाय," संघपाल म्हणाला. "पण आधी तिले इचारा."

बाबा माह्याकडं वळले. चोवीस वर्षांत त्यांनी मले ड्रेसचा रंगही इचारला नव्हता. डोळे भरून आले, ते कसेतरी आवरले. मंग मुद्दाम दोन मिनिटं काहीच बोलली नाही. मामाले चांगला घाम फुटू दिला.

अन् मंग हाव म्हटलं.