माझ्या पडद्यावरचा लाल ठिपका

मित्रांनो, मी लातूरच्या एका फोटो स्टुडिओतला जुना मॉनिटर आहे. हल्ली माझा मुक्काम माळ्यावर असतो. अंगावर धूळ आहे, वायर गुंडाळून पाठीशी बांधलेली आहे. पण एके काळी माझी काय ऐट होती म्हणून सांगू!

क्लासेसच्या गल्लीत आमचं दुकान. जून आला की भोकर, किनवट, कुठकुठून पोरं ट्रंका घेऊन यायची आणि प्रत्येकाला आधी पासपोर्ट फोटो हवा असायचा. डॉक्टर व्हायला निघालेली ती भेदरलेली, तेल चोपडलेली तोंडं मीच पहिल्यांदा पाहायचो. मालक शिवमूर्ती त्यांना सांगायचे, "हसू नको, पण रडूबी नको."

पुढे माझ्या पडद्यावर, मधोमध जरा वर, एक लाल ठिपका उगवला. पडद्यावरचं चित्र बारीक बारीक टिंबांचं असतं. त्यातली काही टिंबं लाल रंगावरच अडकून बसली. ठिपका मोहरीएवढा, पण गिऱ्हाइकं ओरडायची, "काका, माझ्या गालावर फोड कुठून आला?" शिवमूर्ती वैतागायचे, "फोड तुझ्या गालावर न्हाई बाबा, ह्या डब्ब्यावर हाय!" डब्बा! मला फार लागलं ते.

त्यांनी उपाय सोडले नाहीत. मऊ फडक्यानं हलकेच चोळलं. रंग भराभर बदलणारा प्रोग्रॅम दिवसभर चालवून पाहिला. "मेलं असतं तर काळं पडलं असतं. हे जित्तं हाय, नुसतं अडकलंय," असं ते म्हणायचे. ठिपका काही हलला नाही. मग ते प्रत्येक चेहरा ठिपक्यापासून बाजूला सरकवून काम करू लागले आणि नव्या मॉनिटरची चौकशीही सुरू झाली.

भूकंपाला तेव्हा वीसेक वर्षं झाली होती. निलंग्याकडच्या सिंधुताई दहावी झालेल्या लेकीला, उज्वलाला, क्लासला घालायला आल्या होत्या. लेकीचे फोटो झाले तरी त्या उठेनात. शेवटी त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक काळा-पांढरा फोटो काढला.

"ही माझी माय. भूकंपात गेली. जत्रंत काढलेला ह्यो एकच फोटो ढिगाऱ्यात घावला. मोठा करून देता का, दादा? चेहरा इसरत चालले मी."

फोटोवर मातीचे डाग होते आणि नेमका कपाळावरचा थर उडाला होता. शिवमूर्तींनी डाग काढले, गालाचा रंग घेऊन कपाळ भरलं आणि चेहरा पडदाभर मोठा केला. माझा ठिपका बरोबर दोन भुवयांच्या मध्ये आला. एरवी चेहरा सरकवणारे शिवमूर्ती त्या दिवशी सरकवायचं विसरले. बाईच्या कपाळावर लाल ठिपका त्यांना खटकलाच नाही.

सिंधुताईंनी तोंडाला पदर लावला. "उज्वला, बघ गं, आजीला कुकू लावलं दादांनी! त्या दिशी सगळ्यांना एकदमच अग्नी दिला. माय सवाशीण गेली, पण ना हिरवं लुगडं, ना ओटी, ना कुकू. मी पंधरा वर्षांची पोर, मला जवळ जाऊ दिलं न्हाई. लई वर्षं तेच सलत राहिलं बघा."

शिवमूर्ती पाठमोरे, प्रिंटरमध्ये कागद घालण्यात गुंग होते. पण मित्रांनो, मी धास्तावलो. माझा ठिपका कागदावर उतरत नाही, हे मला ठाऊक होतं.

प्रिंट बाहेर आली. कपाळ कोरं होतं.

सिंधुताईंनी कागदावरच्या कपाळावरून बोट फिरवलं. मग त्या म्हणाल्या, "दादा, कुकू कामून पुसलं?"

शिवमूर्तींचा चेहरा उतरला. गुपचूप कम्प्युटरवर लाल टिकली रंगवून दुसरी प्रिंट दिली असती, तर कुणाला कळणार होतं? पण ते म्हणाले, "ताई, म्या लावलं न्हाई अन् पुसलंबी न्हाई. ते ह्या डब्ब्याचं हाय." त्यांनी माउसनं फोटो सरकवला. मायचा चेहरा बाजूला गेला आणि ठिपका एकटाच मागं राहिला.

"चुकलं माझं. आत्ता कम्प्युटरवर लावून देतो, छापूनच येईल."

"नगं. छापलेलं नगं." त्यांनी पिशवीतून कुंकवाची पुडी काढली. लेकीच्या ॲडमिशनसाठी सकाळीच त्या देवळात जाऊन आल्या होत्या. "मायला पुन्हा तिथंच आणा."

चेहरा परत ठिपक्याखाली आला. सिंधुताईंनी कुंकवात बोट बुडवलं आणि माझ्या पडद्यावर टेकवलं.

"आई, स्क्रीन खराब होईल," उज्वला कुजबुजली.

"होऊ दे," शिवमूर्ती म्हणाले.

मग कागदावरच्या कपाळालाही कुंकू लागलं. तिथं दुसरं बोट उज्वलाचं होतं. मला रडता येत असतं तर मी त्या दिवशी ढसाढसा रडलो असतो.

त्यानंतर शिवमूर्तींनी माझ्या ठिपक्यावर कधी उपाय केला नाही. यथावकाश नवा, रुंद मॉनिटर आला. भंगारवाल्यानं माझ्याकडे बोट दाखवलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "त्यो द्यायचा न्हाई."

मित्रांनो, एखादी वस्तू बिघडली म्हणून लगेच तिला डब्बा म्हणू नका. आणि कधी मला माळ्यावरून खाली काढलंत, तर मऊ, कोरडं फडकं घ्या, हलक्या हातानं पुसा, पडदा दाबू नका. खालच्या पट्टीच्या फटीत थोडी लाल भुकटी दिसेल. तेवढी मात्र राहू द्या.