पत्र्याखालची आमराई

धुळ्याच्या वैशाखात पत्र्याखाली दुपार काढणे म्हणजे काय, हे सुगनबाईंना गेल्या वर्षी कळले. मागच्या गल्लीत राहणाऱ्या अकबरीची नवी सून माहेनूर हिला भेटण्यासाठी त्या गेल्या आणि घटकाभर तिच्या खोलीत बसल्या. परतताना त्यांच्या मनात एकच विचार होता, की ही पोर पुढचा उन्हाळा या भट्टीत काढणार नाही.

उपाय सुचवला तो अकबरीच्या नवऱ्याने, नूर महंमद सुताराने. सुगनबाईंच्या यजमानांचे, मांगीलालजींचे, आग्रा रोडवर शीतपेयांचे दुकान होते. तेथे आंब्याच्या रसाचे लिटरचे खोके फोडून पेल्यापेल्याने रस विकला जाई. रिकामे खोके कोणी घेत नसे. आत प्लास्टिक आहे म्हणून रद्दीवाला परतवी, आणि बाहेर कागद आहे म्हणून भंगारवाला. नूर महंमदने एक खोका उभा चिरून उलगडला. आतून तो चांदीच्या ताटासारखा लखलखत होता.

"अक्का, असे दीडशे जमले तर पत्र्याखाली चार बोटे अंतर सोडून ताणून देतो. चांदीची बाजू वर. ऊन आल्या वाटेने परत जाईल."

त्या दिवसापासून सुगनबाईंचे हे व्रतच झाले. रोज सायंकाळी, जैन रीतीचे सूर्यास्तापूर्वीचे भोजन आटोपले की त्या दुकानातून आलेले खोके घेऊन बसत. कात्रीने उलगडावे, धुवावे, सावलीत वाळवावे, कोठीघरात एकावर एक रचावे, असा क्रम होता.

मांगीलालजी म्हणत, "सोन्याचा हट्ट धरला असतास तर समजलो असतो. खोक्यांचा हट्ट धरणारी बायको साऱ्या मारवाडात माझ्याच नशिबी."

"सोनं कपाटात पडून राहतं," त्या म्हणत. "हे डोक्यावर राहणार आहे."

यंदा माहेनूरला दिवस भरण्यापूर्वीच मुलगी झाली. चिमणीएवढी पोर पंधरा दिवस दवाखान्यात होती. आता गुरुवारी सायंकाळी घरी जायचे ठरले. बाळाला उष्णता सोसणार नाही, खोली थंड हवी, असे डॉक्टरांनी दोनदा बजावले होते. खोके एकशे साठ झाले होते. बुधवारी सकाळी अकबरीने ते यंत्रावर शिवायचे आणि गुरुवारी नूर महंमदने छत ताणायचे, असे ठरले.

बुधवारी सकाळी भांडी घासणाऱ्या धुरपदाबाईने कोठीघराचे दार उघडले आणि ती ओरडली, "ओ अक्का, हाई काय शे? बठ्ठ्या मुंग्याच मुंग्या!"

सुगनबाई धावत आल्या. थराथरांतून मुंग्यांच्या रांगा वाहत होत्या. घडीघडीत त्यांची पांढरी अंडी होती. सुगनबाईंनी वरचा खोका उचलून नाकाशी धरला. आंब्याचा वास आला, अगदी गोड.

चूक कोणाची होती, हे त्यांना तत्क्षणी उमगले. पाण्याच्या थेंबाथेंबात असंख्य जीव असतात, म्हणून पाणी तुपासारखे वापरावे, हे त्यांनी माहेरी बालपणीच ऐकले होते आणि आजवर पाळले होते. एका खोक्याला त्या ओंजळभरच पाणी देत. आंब्याचा दाट रस ओंजळभर पाण्याने निघतो थोडाच? पाण्यातल्या जीवांना जपता जपता त्यांनी मुंग्यांना नगर वसवून दिले होते.

इतक्यात अकबरी आली. तिने एकवार पाहिले आणि पदर खोचला. "त्यात काय, अक्का! अंगणात उन्हात पसरा. घटकाभरात सगळं साफ."

"साफ म्हणजे मरतील ना गं."

"मुंग्या आहेत, अक्का."

"अंडी आहेत त्यांची, अकबरी. लेकुरवाळ्या आहेत."

अकबरीचा आवाज चढला. "आणि माझी नात? तिच्यासाठी उद्याचाच दिवस आहे. तिला कुठे ठेवू, सांगा!"

इतक्या वर्षांच्या शेजारात अकबरी सुगनबाईंशी अशी कधी बोलली नव्हती, आणि ती बोलली यात तिचे काहीच चुकले नव्हते. त्या आत गेल्या. येताना त्यांच्या एका हातात साखर मिसळलेल्या पिठाची परात होती, आणि दुसऱ्या हातात लोकरीच्या मऊ दशांची पूंजणी. सामायिकाला, म्हणजे नित्याच्या ध्यानाला, बसण्यापूर्वी जमिनीवरचे जीव अलगद बाजूला करण्यासाठी ती वापरतात.

"उद्या सायंकाळपर्यंत छत लागेल," त्या म्हणाल्या. "मी एकेक पान झटकते. तू बस, राग धर, पण उन्हात टाकू नकोस."

त्यांनी अंगणातल्या निंबाच्या बुंध्याशी पिठाचे कडे घातले, एक खोका आडवा धरला आणि अंड्यांसह मुंग्या पूंजणीने हळुवार पिठावर उतरवल्या. एक झाला. दुसरा घेतला. सातव्या खोक्यानंतर त्यांनी पूंजणी दुसऱ्या हातात घेतली. त्यांचे वय बाहत्तर होते.

अकबरी उंबऱ्यावर बसून पाहत होती. मग ती उठली. "घरात दुसरी आहे का ही कुंचली? एकटीने करत बसलात तर ईद उजाडेल."

दुपारपर्यंत दोघी निंबाखाली बसल्या होत्या. धुरपदाबाई कोठीघरातून खोके आणून देत होती. अकबरी प्रत्येक मुंगीला दटावत होती, "चल गं भवाने, तुझं सासर तिकडे. पीठ दिलंय, साखर दिलीय, आणखी काय हुंडा हवा?" सुगनबाईंना तोंडाला पदर लावून हसावे लागले.

शेवटचा खोका झटकून झाला, तेव्हा खरी परीक्षा पुढे होती. सुगनबाईंनी धुरपदाबाईला सांगितले, "मोठा टब आण. पाणी फडक्यातून गाळून काठोकाठ भर. दोनदा."

"काठोकाठ?" धुरपदाबाईला ऐकले ते खरे वाटेना.

"काठोकाठ. पाप माझ्या माथी. उद्या उपवास करीन."

प्रत्येक पान चोळून, पुन्हा चोळून धुतले गेले. त्यांनी स्वतः एकेक पान हुंगून पाहिले. ते गोड पाणी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, मुंग्यांपासून दूर, सावकाश सोडले. सावलीतल्या वाऱ्याने सायंकाळपर्यंत पाने सुकली. अकबरीचे शिवणयंत्र दिवेलागणीपर्यंत आणि पुन्हा पहाटेपासून चालत राहिले.

गुरुवारी दुपारी नूर महंमदने शेवटचा खिळा ठोकला. चांदी पत्र्याकडे गेली होती आणि खाली छपाईची बाजू आली होती. पिवळेकेशरी आंबे, हिरवी पाने, पुन्हा आंबे. सारी खोली एका आमराईच्या तळाशी असल्यासारखी दिसत होती. सुगनबाईंनी हात उंच करून तळवा छताजवळ नेला. बाहेर ऊन रणरणत होते, आणि तळव्याला मात्र नुसता उबारा लागला.

सायंकाळी रिक्षा आली. माहेनूरने बाळाला खाटेवर ठेवले. पोरीने डोळे किलकिले केले, वरच्या आंब्यांकडे पाहिल्यासारखे केले आणि जांभई दिली. नूर महंमद म्हणाला, "नातीला बाग आवडली नाही वाटतं."

"अरे, रस पाजल्याशिवाय कसली आवडते!" अकबरी म्हणाली आणि आत गेली.

सुगनबाई खाटेच्या कडेला टेकल्या होत्या. उपवासाने आणि उन्हाने जीभ टाळ्याला चिकटली होती. उपवासात उकळून निववलेले पाणी तेवढे चालत असे, तेही सूर्यास्तापर्यंतच, आणि सूर्य कलला होता. घरी पोहोचेपर्यंत वेळ उरेल का, याचा त्या मनाशी अदमास घेत होत्या.

अकबरी बाहेर आली. तिच्या हातात घासून लखलखीत केलेला पितळी लोटा होता, तोंडाला पांढरे फडके बांधलेले.

"दोनदा गाळलंय, अक्का. सकाळीच उकळून निवत ठेवलंय. लोटाही नवा आहे." मग ती जरा अडखळली. "प्याल का?"

चाळीस वर्षांत या घरी सुगनबाईंनी पाण्याचा घोट घेतला नव्हता, आणि अकबरीनेही कधी आग्रह केला नव्हता. सुगनबाईंनी लोटा दोन्ही हातांनी घेतला, फडके सोडले, डोळे मिटून नवकार मंत्र म्हटला. पाणी जपण्याच्या नित्याच्या सवयीने त्या दोन घोटांनंतर थांबल्या.

मग त्यांनी लोटा पुन्हा ओठांना लावला आणि त्या शेवटच्या थेंबापर्यंत पाणी प्यायल्या.