तेलाची वाट

ग्यानोबा मिस्त्रीनं गाडीच्या इंजिनाचा पट्टा सोडवला, वरच्या चाकावर खूण म्हणून चुन्याचं बोट ओढलं आणि रॉकरच्या दांड्या काढल्या. रॉकर निघाले त्याच क्रमानं फडक्यावर मांडले. मग झडपा हलवणारा कॅमशाफ्ट दोन्ही हातांनी धरून मागच्या बाजूनं सरकवला. तो करकरत आला. धड कॅम असा येत नाही, तेलात न्हालेला गुपचूप हातात येतो.

ग्यानोबाला आतून गुदगुल्या झाल्या. लपवायचं कशाला?

ही मारुती गाडी हणमंतराव वकिलांची. त्यांची अँबॅसडर होती तोवर तिला ग्यानोबाशिवाय कुणी हात लावला नव्हता. पण लातूर जिल्हा झाला, वकिलांची कलेक्टर कचेरीत ऊठबस वाढली, गाडी बदलली आणि मिस्त्रीही बदलला. नवा मिस्त्री म्हणजे श्रीमंत, ग्यानोबाच्याच हाताखाली पाने उचलून शिकलेला. पुढं नांदेडला जाऊन मारुतीचं काम शिकून आला आणि बरोबर उस्तादच्या नाकासमोर दुकान थाटून बसला. तिथं गाड्यांची रांग दिसली की ग्यानोबाला भाकर गोड लागायची नाही.

यंदा दुष्काळानं रेडिएटरला ओतायलाही पाणी नव्हतं. वकिलांची गाडी उदगीरच्या रस्त्यावर तापली आणि हेडची गॅस्केट उडाली. ती श्रीमंतनं बदलली, पण लगेच इंजिनात वरून टकटक सुरू झाली. आज सकाळी वकील गाडी घेऊन ग्यानोबाच्या दारात हजर.

"उस्ताद, जरा बघा," ते म्हणाले होते. "दुष्काळी पाहणीच्या सरकारी गाड्यांचं काम एकाच गॅरेजला द्यायचं चाललंय. कचेरीत मला विचारतील."

कॅम उन्हात धरला तर दोन जागी घासून ओरखडे पडलेले. वर तेलच पोचलं नव्हतं. ग्यानोबानं हेड उतरवलं. खालचं तेल वर नेणारं बारीक भोक वाळलेल्या गोंदानं गच्च बुजलं होतं. गॅस्केटला चोपडलेला गोंद दाबला जाऊन आत उतरला होता.

"वकीलसाहेब, या हिकडं!" तो मुद्दाम रस्त्यापलीकडं जाईल अशा आवाजात ओरडला. "बघा तुमच्या नांदेडच्या मिस्त्रीचं काम! गोंद लावलाय का पिठलं? तेलाची वाटच बुजवून टाकली की!"

वकील येईपर्यंत तो गोंद खरवडू लागला आणि थबकला. दोन्ही बाजूंनी जाड थर, कडा अंगठ्यानं दाबून सारख्या केलेल्या. अँबॅसडरचा कॅम खाली इंजिनाच्या पोटात, त्याला तेल खालीच मिळायचं, तिथं एवढा गोंद खपून जायचा. "लाव बिनधास्त, कंजुषी करू नगस," असं श्रीमंतला शिकवणारा हा अंगठा ग्यानोबाचाच होता.

"म्हणजे चूक त्याची?" वकिलांनी विचारलं.

"मग कुणाची?" ग्यानोबा म्हणाला, पण आता आवाज खाली आला होता.

"त्याला तसंच वाटत होतं. गाडी त्यानंच पाठवली तुमच्याकडं. म्हणाला, साहेब, माझंच काहीतरी चुकलंय, मला घावंना. उस्तादला दाखवा. मी म्हटलं, अरे, तो गावभर तुझं नाव खराब करील. तर म्हणतो, करू द्या, गाडी तर नीट होईल."

ग्यानोबा तोवर समजत होता, वकील श्रीमंतला चोरून आलेत.

"मग काय सांगू कचेरीत? काम तुम्हालाच द्या म्हणू?"

ग्यानोबानं फडक्याला हात पुसले. पुसलेलेच पुन्हा पुसले.

"गोंद असा लावायला म्याच शिकवलं त्याला," तो म्हणाला. "आता काय सांगायचं ते तुमचं तुम्ही सांगा."

"दोघंही मलाच येऊन सांगा. एकमेकांशी मात्र बोलू नका," वकील म्हणाले आणि चहाला निघून गेले.

ग्यानोबानं भोक तारेनं मोकळं केलं, हेड कोऱ्या गॅस्केटवर बिनगोंदाचं बसवलं. ओरखडे घोटून कॅमला तेल चोपडलं आणि तो आत सरकवला. आता तो बिनआवाज गेला. कबूल केलं की माणसाला हलकं वाटतं म्हणतात. त्याला कुठलं वाटायला! तो पलीकडच्या दुकानाकडं बघतच राहिला.

"निदान ह्या कबुलीत तरी," तो पुटपुटला, "लेकानं माझ्या आधी नंबर लावायला नको हुता."