मामाची मांडी

पिस्तूल मिळवणं एक वेळ सोपं. परवान्यासाठी हेलपाटे पडतात, ओळखी लावाव्या लागतात, पण एकदा ते कमरेला लागलं की माणसाला वाटतं, झालं, आता आपण सुटलो. खरी पंचाईत तिथून पुढं सुरू होते आणि ती कुठल्या साहेबाला विचारताही येत नाही. भुकूमच्या दिग्विजयची पंचाईत अशी, की पिस्तूल कमरेला लावायचं ते गोळी चढवून की उतरवून?

ज्यांनी ही वस्तू हातात धरलेली नाही (आणि देव करो, धरायची वेळ न येवो) त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. गोळ्या असतात मुठीतल्या मॅगझिनमध्ये. वरची स्लाईड मागं ओढून सोडली की त्यातली एक नळीत चढते. मग फक्त चाप ओढायचा बाकी राहतो. गोळी चढवलेली नसेल तर चाप कितीही ओढा, काही होत नाही. पण ती स्लाईड ओढायला दोन हात लागतात, आणि सगळं रामायण घडलं ते या दोन हातांवरून.

दिग्विजय जमिनीच्या व्यवहारात होता. स्वतःचं रान विकून झालं की दुसऱ्याचं विकायचं, हा मुळशीतला रिवाजच झालाय. त्याचा या धंद्यातला जोडीदार दयानंद. गेल्या साली दयानंद रस्त्याकडेच्या टपरीवर चहा पीत उभा असताना मोटरसायकलवरून दोघं आले. दयानंदनं पिस्तूल काढलं, पण डाव्या हातात चहाचा ग्लास होता. तो टाकून स्लाईडला हात घालेपर्यंत खांद्यात गोळी बसली. जीव वाचला, पण हात कायमचा लुळा पडला. दवाखान्यात भेटायला गेलेल्या दिग्विजयला तो म्हणाला, "दिगू, ठिवायचं तर चढवून ठिव. न्हाईतर खिशात धोंडा ठिवलेला बरा."

त्या दिवसापासून दिग्विजयनं गोळी चढवली ती चढवलीच. झोपताना उशाला, जेवताना कमरेला. बायको साधना आधी समजुतीनं बोलली, मग भांडली, मग बोलेनाशी झाली. एकदा फक्त म्हणाली, "घरात येताना माणसं चपला काढत्यात. तुमी निदान गोळी तरी उतरवा." दिग्विजयनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. रोज सकाळी गोठ्यात जाऊन तो सदरा वर करायचा आणि पिस्तूल झटक्यात बाहेर काढायचा सराव करायचा. गोठ्यात आता जनावर नव्हतं, म्हणून बरं. नाहीतर त्यानं दूध द्यायचं बंद केलं असतं.

भीती कुणाची होती? नाव घ्यायचं तर चुलतभावाची, शंभूची. दोघं एका ताटात जेवून मोठे झालेले. सामाईक रान बिल्डरला देताना रस्त्याकडेची पट्टी कुणाची यावरून बिनसलं, आणि पौडला तहसील कचेरीच्या आवारात, चार माणसांत, शंभू म्हणाला, "तुला बघून घेतो." रागात माणूस काय वाट्टेल ते बोलतो. पण दयानंदच्या खांद्यात गोळी बसल्यावर दिग्विजयला ते वाक्य रोज आठवायला लागलं. शंभूनंही परवान्यासाठी अर्ज केलाय असं कुणीतरी कानावर घातलं होतं. पुढं काय झालं ते कळलं नव्हतं, आणि दोघांचं बोलणंच नसल्यावर विचारणार कोण?

अशात गौतमीच्या पोराचं जावळ निघालं.

गौतमी दिग्विजयची पाठची बहीण, उरवड्याला दिलेली. लग्नानंतर कितीतरी वर्षं मूल नव्हतं. नवरा अमोल कारखान्यात पाळीवर असायचा, तेव्हा तिला डॉक्टरकडं नेणं-आणणं दिग्विजयनंच केलं. तिच्या डोळ्यातलं पाणी पाहून एकदा भैरवनाथापुढं तोच बोलून गेला होता, "हिच्या पदरात पोर टाक, जावळ तुझ्या पायाशी काढीन, माझ्या मांडीवर बसवून." जावळाला पोर मामाच्या मांडीवर बसतं ही आपली रीत. बाकीचा मान कुणालाही द्या, ही मांडी मामाचीच. मग शिवांश झाला, आणि मामानं कपडे, चांदीचे वाळे, बोकड, सगळं हौसेनं आणलं. फक्त त्या मांडीच्या वर, सदऱ्याखाली, पॅन्टच्या पट्ट्यात पिस्तूल होतं. उभं असताना त्याची नळी जमिनीकडं असायची. मांडी घातली की ती बरोबर मांडीवर रोखली जायची, जिथं पोर बसणार तिथं.

हे त्याच्या डोक्यात आलंच नाही. गौतमीच्या आलं.

रविवारी सकाळी देवळापुढच्या मांडवात माणसं जमत होती. मागं चुलाणावर रस्सा उकळत होता. गौतमीनं भावाला खांबाआड घेतलं.

"दादा, त्ये घरी ठिवून आलास ना?"

"कशाला ठिवू?"

"निदान गोळी उतरवलीस का? वैनीनं सांगितलंय मला. चढवून हिंडतोस म्हनं."

"तुला काय कळतंय त्यातलं? शंभ्या यायचाय आज."

"यायचाय म्हंजी? मीच बोलावलंय त्याला. त्योबी माझा भाऊच हाय."

"म्हनूनच तर. ह्ये बघ, उतरवली तर परत चढवायला दोन हात लागत्यात. एका हातानं पोरगं धरलेलं असंल, मग मी काय करू?"

गौतमीनं त्याच्याकडं नीट पाहिलं. आवाज चढवला नाही. "म्हंजी माझं पोरगं मांडीवर घिऊन तू गोळी घालनार व्हय?"

उत्तर सुचलं नाही की पुरुषमाणूस चिडतो, तसा दिग्विजय चिडला. "मी हाय ह्यो असा हाय. पटत न्हाई तर दुसरा मामा बघ."

"बघते," ती म्हणाली. "शंभूदादाला बसवते."

"बसव खुशाल."

तोंडातून गेलं आणि मग त्याच्या ध्यानात आलं. ज्या मानासाठी देवापुढं बोललो होतो, तो वैऱ्याला द्यायला आपणच हो म्हणालो. तो मांडवाच्या कडेला जाऊन उभा राहिला, पाठीला खांब येईल असा. शंभू येताना त्यानं पाहिला. सैल सदरा, हातात पोरासाठी पिशवी. शंभूनं याच्याकडं पाहिलं, यानं त्याच्याकडं. दोघांनीही माना फिरवल्या.

पिरंगुटात सलून चालवणारे भैरूनाना वस्तरा आणि पाण्याची वाटी घेऊन बसले. पाट मांडला गेला. केस झेलायला पोराची आत्या परात धरून तयार झाली. भैरूनाना ओरडले, "मामा कुटं हायेत? बसा लवकर, पोरगं अजून हसतंय तवर उरकू."

"शंभूदादा, तू बस," गौतमी म्हणाली.

दिग्विजयच्या आईनं, तुळजाबाईनं, आधी लेकीकडं आणि मग लेकाकडं पाहिलं. शंभूचं तोंड उतरलं.

"मी? न्हाई न्हाई. सख्खा मामा हाय की. त्याचा मान हाय त्यो."

"मी सांगतेय ना. बस."

"अगं, माझं गुडघं दुखत्यात. खाली बसाय जमत न्हाई."

बायका हसल्या. गेल्याच जत्रेत हा माणूस लेझीम खेळला होता. शंभूही कसनुसा हसला, आणि हसता हसता त्याचा उजवा हात सदऱ्यावरून कमरेपाशी गेला, तिथलं काहीतरी चाचपून परत आला. दुसऱ्या कुणाला त्यात काही दिसलं नसतं. दिग्विजयला दिसलं, कारण त्याचा स्वतःचा हात दिवसातून पन्नासदा तसाच तिथं जात होता.

गौतमीलाही दिसलं. भावाला पाहून पाहून तिला तो हात पाठ झाला होता. तिनं एकदा शंभूकडं पाहिलं, एकदा दिग्विजयकडं. मग पोराला पोटाशी धरून ती पाटाशेजारी खाली जमिनीवर बसली.

"दोन मामा हायेत माझ्या पोराला," ती म्हणाली, "आन् बसाय एक मांडी न्हाई."

अमोलनं पुढं होऊन "मी बसतो" म्हटलं, तर तिनं मान हलवली. "पाट मामाचा हाय. थांबू आपुन. रस्सा काय पळून जात न्हाई."

दिग्विजयला राग नाही, लाज वाटली. तो मांडवातून बाहेर पडला आणि देवळामागं आंब्याखाली लावलेल्या आपल्या गाडीपाशी गेला. दार उघडून त्याच्या आडोशानं त्यानं पिस्तूल काढलं आणि खस्सकन स्लाईड मागं ओढली. नळीतली गोळी उडून धुळीत पडली. ती त्यानं उचलली, फुंकर मारून खिशात टाकली. आता काय ते होवो, म्हणत पिस्तूल पुन्हा पट्ट्यात खोचायला गेला आणि मागं पाचोळा वाजला.

वळून पाहिलं तर हाकेच्याही आत शंभू उभा. त्याच्या हातात पिस्तूल.

मी सांगतो म्हणून नव्हे, पण अशा वेळी माणसाला फार काही आठवत नाही. दिग्विजयला फक्त दयानंदचा चहाचा ग्लास आठवला. त्याचं स्वतःचं पिस्तूल हातातच होतं. मनगट वर उचलायला कितीसा वेळ लागला असता? पण मघाशीच गोळी काढलेली. मेलो, त्याला वाटलं. पोरगं मांडीवर घ्यायचं राहिलंच.

शंभूच्या पिस्तुलाची नळी मातीकडं होती. डाव्या हातात त्याचं मॅगझिन होतं, काढलेलं. तो दिग्विजयच्या तोंडाकडं नाही, हाताकडं बघत होता.

"दिगू," तो म्हणाला, "खोचू नगंस. आदी मॅगझिन काढाय पायजे. तू नुसतंच वढलंस. दुसरी चढलीय."

दिग्विजयला कळेना. शंभूनं तेच परत सांगितलं, हळू, लहानपणी विहिरीत पोहायला शिकवताना सांगायचा तसं. दिग्विजयनं मॅगझिन काढलं आणि स्लाईड पुन्हा ओढली. दुसरी गोळी उडाली आणि त्याच्याच पायाशी पडली.

ती नळीतच राहिली असती. गोळी उतरवली या खात्रीनं तो ऐटीत पाटावर बसला असता, पोरगं मांडीवर घेतलं असतं. वर्षभर त्यानं सराव केला होता तो काढायचा आणि रोखायचा. उतरवायचा एकदाही नव्हता. तो गाडीच्या दारात मटकन बसला.

"तुला सांगायची काय गरज हुती?" तो म्हणाला.

"येडा हायस का? पोरगं गौतमीचं हाय," शंभू म्हणाला. "तू हितं आलास तवा वाटलं, माझ्यासाटी काढतोयस. तू गोळी उतरवताना बघितलं, मग मीबी मॅगझिन काढलं. तुज्या भ्यानंच घेतलंय मी ह्ये लचांड."

"आन् मी तुज्या."

दोघांना हसू यायला हवं होतं. आलं नाही. शंभूनं पायाशी पडलेली गोळी उचलून त्याच्या हातावर ठेवली.

"पट्टीचं मी सोडनार न्हाई," शंभू म्हणाला.

"मीबी न्हाई. पौडात बघू काय ते."

"बघू की."

दोन्ही पिस्तुलं रिकामी करून दिग्विजयच्या गाडीच्या डॅशबोर्डमधल्या खणात ठेवली, कुलूप लावलं. दोघं बरोबरच मांडवात आले, आणि लोकांनी सरकून वाट दिली. दिग्विजयनं किल्ली गौतमीच्या हातावर ठेवली. तिनं ती पदराच्या टोकाला बांधली आणि भावाला पाटाकडं मान करून खूण केली. तुळजाबाई डोळे पुसत चुलाणाकडं गेल्या, धुराचं निमित्त करून.

दिग्विजय मांडी घालून बसला. पट्ट्यात टोचणारं काही नव्हतं, त्यामुळं नीट बसताच येईना, सवयच मोडली होती. गौतमीनं पोर मांडीवर ठेवलं. गरम, वजनदार, दुधाचा वास येणारं. शंभू पाटामागं उभा राहून खुळखुळा वाजवायला लागला. लेझीम खेळणारा गडी, तो खुळखुळाही तालातच वाजवत होता.

भैरूनानांनी केस ओले केले आणि वस्तरा उघडला. पोरानं भोकाड पसरलं, मान झटकली. नानांनी हात मागं घेतला.

"अवो मामा, दोनी हातांनी धरा की पोराला! ह्यो एक हात कुटं ठिवलाय तुमी?"

दिग्विजयनं खाली पाहिलं. उजवा हात कमरेपाशी होता, रिकाम्या पट्ट्यावर. त्यानं तो तिथून उचलला आणि पोराच्या छातीवर ठेवला. तळव्याखाली इवलंसं काळीज धडधडत होतं. पुढं बसलेली गौतमी त्याला दिसेना, कारण त्याचे डोळे भरून आले होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता.