राजाची झोप

"थांब रे मेल्या, थांब!"

मी शिट्टी फुंकली, लाल बावटा हलवला, शेवटी टिपरच्या पत्र्यावर मुठी आपटल्या. गोव्यात साखळी गावाजवळच्या खाणीत माती जिथून खाली ओततात, त्या कड्यावर उभं राहून गाड्या मागे घ्यायच्या खुणा करणं, हे माझं काम. सखारामची गाडी मागे येतच होती. कडेच्या बांधावर चाक चढलं, रुतलं आणि इंजिन बंद पडलं. पलीकडे नुसती दरी.

दार उघडून बघते तर हा डोळे चोळतोय. कानामागे रात्रीचा रंग तसाच.

"काल खंय होतंस?"

"धारगळाक, दहिकाल्याक." त्याचे ओठ पांढरे पडले होते. "वयनी, माका वाटला, माझो प्रवेश इलो…"

दहिकाला म्हणजे रात्रभर चालणारं दशावतारी नाटक; त्यात हा राजा. राजा येतो तो पाय आपटत येतो. झोपेत मेल्याने तोच पाय आपटला, थेट ॲक्सिलेटरवर! डोळ्यांवर पाणी मारलं की झोप जाते, असं आमचे सगळे डायव्हर छाती ठोकून सांगत. गेली म्हणे झोप! याची बायको सुलोचना माझी शेजारीण. तिला मी काय तोंड दाखवलं असतं?

"रातभर राज्य करूचा आनी दिवसा आमका मारूचा?" मी तोंड सोडलंच.

मुकादम गुरुदासबाब धावत आले. त्यांनी चाक पाहिलं, दरी पाहिली आणि चावी काढून खिशात घातली.

"गुरुदासबाब, माका काढू नकात. नाटक सोडलंय मी, आजपासून!" सखाराम हात जोडून म्हणाला. ज्याची ललकारी ऐकायला अख्खा गाव जागतो, तो धुळीत उभा राहून रडत होता. मला फार वाईट वाटलं.

"नाटक कित्याक सोडतंस?" गुरुदासबाब म्हणाले. "तुझ्यासारखो राजा ह्या भागात दुसरो नाय. पण नाटकाच्या दुसऱ्या दिसा सकाळी गाडयेक हात लावलंस तर तंगडी मोडतलंय. पयली नीज. मगे दुपारच्या पाळयेक ये." मग जमलेल्या डायव्हरांवर ओरडले, "सगळ्यांका सांगतंय! जागरण झाला तर सांगा. लाज कसली?"

मी फणसाखाली गोणपाट अंथरलं. सखाराम आडवा झाला आणि लगेच घोरायला लागला.

तेवढ्यात पुढच्या टिपरमधून गोपाळ उतरला. याच राजाच्या नाटकात पखवाज वाजवणारा. खाली मान घालून त्याने आपली चावी गुरुदासबाबांच्या हातात ठेवली.

मी राजाला जरा ढकललं आणि गोपाळला जागा करून दिली.