गोल झाला की नाही?

मित्रांनो, शाळांच्या इतिहास प्रकल्प स्पर्धेत तुमचे कागद अंगावर मिरवत उभा राहणारा मी एक जुना, तीन फळ्यांचा लाकडी फलक आहे. शाळेच्या सुताराने मोडक्या बाकांतून मला घडवले. बिजागऱ्या बसवताना तो म्हणाला, "दारासारखा उघडा, पुस्तकासारखा वाचा."

पुढे कितीतरी राजे, लढाया आणि तह मी पाठीचा कणा ताठ ठेवून पेलले. लोक थांबून वाचत, तेव्हा माझी छाती फुगे. मग पडद्यावर चित्रे दाखवायची पद्धत आली आणि माझी रवानगी खेळाच्या खोलीत, फाटक्या जाळ्यांमागे झाली. तिथे मला वाळवी लागली नाही, हेच नशीब.

एके दिवशी नववीतल्या दोन मुली तिथे आल्या. एक लंबू, दुसरी प्रश्नी. वर्गाने ठेवलेली ही नावे त्यांना शोभत होती. गावातल्या मुलींच्या पहिल्या फुटबॉल संघाचा इतिहास त्या माझ्यावर मांडणार होत्या. लंबूची आजी त्या संघाची गोलरक्षक होती.

आजीने छातीठोकपणे सांगितले होते, "शेवटचा चेंडू मी रेषेवर अडवला." समोरच्या संघाची कर्णधार आता निवृत्त नर्स होती. ती तितक्याच ठामपणे म्हणाली, "चेंडू आत गेला होता. धुळीत पंचांना दिसला नाही." जुन्या बातमीत फक्त 'सामना रंगला' एवढेच होते.

"नर्सबाईंचं नको लावूया," लंबू म्हणाली. "आजीला खोटं पाडू का मी?"

"खोटं कुठे पाडतोय? दोघींचं लावूया."

"तुझी आजी असती तर कळलं असतं."

दोघींनी दोन दिवस अबोला धरला. माझी उजवी फळी कोरीच होती आणि माझा जीव टांगणीला लागला होता. स्पर्धेच्या सकाळी लंबू एकटीच आली आणि तिने नर्सबाईंचे बोल स्वतःच्या हाताने तिथे चिकटवले. प्रश्नी मागून आली, तिने ते पाहिले आणि कागदाचा सुटलेला कोपरा दाबून धरला.

परीक्षकांनी विचारले, "म्हणजे गोल झाला की नाही?"

लंबूचे कान लाल झाले. "माहीत नाही, सर. नुसतं आजीचं लावलं असतं, तर ते आजीचं कौतुक झालं असतं. इतिहास नसता झाला."

आजी मागेच उभी होती. ती ओठ मुडपून पुढे आली. लंबूने मान खाली घातली. आजीने उजवी फळी सावकाश वाचली आणि विचारले, "ही बाई आलीये का इथे?"

"आलेय की," गर्दीतून नर्सबाई म्हणाल्या.

मग काय विचारता, मित्रांनो. दोन पिशव्यांचे खांब झाले, कागदाच्या बोळ्याचा चेंडू झाला. आजीने पदर खोचला. नर्सबाईंनी चेंडू मारला आणि तो आजीच्या पायांमधून थेट पलीकडे गेला.

"हा धरायचा नाही," आजी म्हणाली. "मी चष्मा काढला होता."

सभागृह हसून लोटपोट झाले. परीक्षकांना डोळे पुसावे लागले. आजीने नातीला जवळ ओढले आणि म्हणाली, "बरं केलंस, तिचंही लावलंस. उगाच माझ्याच तोंडची कथा झाली असती."

आम्हाला दुसरा क्रमांक मिळाला. आता मी शाळेच्या ओसरीत उभा असतो. जुन्या खेळाडू येतात, माझ्यावरच्या फोटोंवर बोटे ठेवून एकमेकींना ओळखतात. परवा एक जण काठी टेकत आली, दोघींचेही बोल वाचून म्हणाली, "दोघीही चुकतायत. चेंडू खांबाला लागला होता. मी शेजारीच होते."

प्रश्नीने तिला खुर्ची दिली आणि लंबूने नवा कागद काढला.

मुलांनो, घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे असे सामने अजून चालू असतात. ते संपायच्या आत जाऊन ऐका आणि समोरच्या संघालाही विचारा. आम्हा जुन्या फळ्यांना कोरड्या जागी ठेवा. माझ्यावर अजून बरीच जागा आहे.